पन्नीत बांधून ठेवलेल्या बस्त्याला फवारणीच्या औषधाचा वास लागलाच कसा?

पऱ्हाटी

राळेगाव तालुक्यातलं आमचं खेडं. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तुरीचे पैसे हातात होते म्हणून बस्ता आषाढातच बांधून घेतला. अकरा साड्या, विहिणीचा शालू, जावयाचं सफारीचं कापड.

घर दोन खोल्यांचं, पुढं ओसरी. मागच्या खोलीत लोखंडी आलमारी आणि तिच्या शेजारी कोपऱ्यात फवारणीची औषधं. एरवी ती गोठ्यातल्या फळीवर असतात. पण झडी लागली, गोठा गळायला लागला, तेव्हा यांनी आत आणून ठेवली. मी बोलले, पण माझं बोलणं संपायच्या आत हे ओसरीवर जाऊन बसले होते.

साड्या दुकानाच्या कुरकुरीत कव्हरांत, ती सगळी कव्हरं प्लास्टिकच्या एका मोठ्या पन्नीत, पन्नीचं तोंड सुतळीचे दोन वेढे देऊन बांधलेलं, आणि वरून आलमारीचं दार. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी फॉल-पिकोला द्यायच्या म्हणून गाठ सोडली आणि डोकंच भणाणलं. रॉकेल आणि कुजका लसूण यांच्या मधला काहीतरी वास. बाटल्यांची बुचं घट्ट होती, खाली एक थेंब सांडलेला नव्हता.

पन्नीला भोक नाही, मी उजेडात धरून पाहिली. मग वास आत गेला कुठून? ह्या साड्या नेसल्या तर अंगाला काही होईल का? आणि यापुढं ठेवायच्या कशात?

कापूसकोंड्या

काय जमाना आला राजेहो! जे औषध बोंडअळीले लागत नाही थे साडीले बराबर लागते.

मायक्रॉन_महादू

ताई, पन्नी पातळ असन. १२० मायक्रॉनच्या खालच्या कॅरीबॅगवर ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात बंदी आहे, तरी बाजारात कागदासारख्या पातळ पन्न्या मिळतातच. जाड घ्या, डबल घाला, विषय संपला.

धरमपेठी

मुळात विषारी औषधं झोपायच्या खोलीत ठेवायचीच कशाला? बाटलीवर सूचना लिहिलेल्या असतात. लोक वाचत नाहीत आणि मग धागे काढतात.

कापूसकोंड्या

@धरमपेठी, भाऊ, त्याईच्या घरी दोनच खोल्या आहेत. एका खोलीत चूल हाय. तुमच्याकडे गेस्टरूम असन तर पत्ता द्या, औषधं पाठवून देतो.

निवृत्त_रसायन

अठ्ठावीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे लांबण लागेल. कंटाळा आला तर पुढं सरका.

पन्नीला भोक असावंच लागत नाही. पॉलिथिन आणि मेणबत्तीचं मेण हे एकाच कुळातले पदार्थ आहेत, फक्त पॉलिथिनच्या रेणूंची साखळी फार लांब. आता आठवा, मेणावर पाणी टाकलं तर ओघळून जातं, आणि रॉकेल टाकलं तर मुरतं. पन्नीचंही तसंच. पाण्याच्या वाफेला ती बऱ्यापैकी अडवते. पण तेलकट जातीच्या वाफा, म्हणजे डांबरगोळी, कापूर, रॉकेल, औषध विरघळवायला त्यात घातलेलं झायलीनसारखं द्रावक, ह्या आधी पन्नीच्या अंगात विरघळतात, मग साखळ्यांच्या फटीफटीतून सरकत जातात आणि दुसऱ्या अंगानं बाहेर पडतात. पाण्याचा एक थेंबही न गळणारी पिशवी डांबरगोळीचा वास मात्र खुशाल सोडते.

महादूभाऊंचं अर्धं बरोबर आहे. जाडी दुप्पट केली की वास झिरपायचा वेग निम्मा होतो आणि पहिल्यांदा वास पोचायला चौपट वेळ लागतो. आज संध्याकाळी येणारा वास परवा येईल, इतकंच. धागाकर्तीच्या साड्या दोन महिने होत्या. शिवाय उष्णता वाढली की हा वेग झपाट्यानं वाढतो. टिनाच्या छपराखाली वैशाखात काय होत असेल ते आपल्याला कोणी सांगायला नको.

आणखी एक गंमत. पिशवी रिकामी असती तर थोड्या वेळानं आतबाहेर सारखा वास झाला असता आणि झिरपणं थांबलं असतं. पण आत कापड आहे. ते आलेला वास पिऊन टाकतं, आतली हवा पुन्हा मोकळी होते, आणि बाहेरचा वास परत आत ओढला जातो. पॉलिएस्टर तर तेलकट वास सुतापेक्षा जास्त धरून ठेवतं. ताई, अकरातल्या सिंथेटिक साड्या जास्त वास मारतात का बघा.

पऱ्हाटी

सर, अगदी बरोबर! बायकांना आहेर म्हणून घेतलेल्या पाच जॉर्जेट सगळ्यात जास्त वास मारतात. सुती दोन्ही साड्या एका दिवसाच्या वाऱ्यावर निवळल्या.

झिल्लीबाज

आमच्या गोंदियाकडे पन्नीला झिल्ली म्हणतात. धाग्याचं नाव बदला.

कापूसकोंड्या

नाव काई बी ठेवा, वास तोच.

संत्राबर्फी

वरुडहून. माझ्या आईची एक ट्रंक होती. तिच्यात तळाला डांबरगोळ्या, वर मळवटाचं लुगडं पॉलिथिनमध्ये आणि त्याच्यावर आमचे स्वेटर. शाळेत मी वर्गात शिरले की पोट्टे म्हणायचे, आली मुतारी! (डांबरगोळ्या तिथंच टाकत ना.) आई म्हणायची, अगं पन्नीत होता, वास कसा लागेल. सरांचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. चाळीस वर्षांनी न्याय मिळाला.

लिंबोळी

प्लास्टिकच नको. आपल्या आज्या मलमलीच्या धुतल्या फडक्यात लुगडी गुंडाळत, कडुलिंबाचा वाळला पाला टाकत. एक लुगडं तीन पिढ्या जायचं.

निवृत्त_रसायन

मलमल उत्तमच. कापड श्वास घेतं, बुरशी सहसा लागत नाही. पाला कसरीसाठी. पण औषधाच्या वाफेला मलमल काय अडवणार? आजीच्या ट्रंकेशेजारी प्रोफेनोफॉससारखं कीटकनाशक नव्हतं, हा खरा फरक.

जिनिंगवाला

हिंगणघाट. विषय निघालाच आहे तर थोडं अवांतर. तुम्ही कापडाला प्लास्टिकनं वाचवायला निघालात, आम्ही कापसाला प्लास्टिकपासून वाचवून थकलो.

कापूस वेचायला खताच्या रिकाम्या गोण्या वापरतात. त्या गोणीचे धागे निघतात, बोटभर लांबीचे, कापसात मिसळतात, रेच्यात, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रात, तुटून बारीक होतात आणि गाठीत जातात. १७० किलोच्या गाठीत असे चार धागे असले तरी पुढं सूत होतं, कापड होतं, आणि कापड रंगवलं की ते धागे पांढरेच राहतात. पॉलिप्रॉपिलीन सुताचा रंग घेत नाही हो. निळ्या थानावर पांढरे कुसळ. गिरणीवाला माल परत करतो आणि शिव्या जिनिंगला. सुती चादरीत वेचा, सुती दोरीनं बांधा. बस, एवढंच सांगायचं होतं.

मायक्रॉन_महादू

सुती चादरीत वेचला तर क्विंटलमागं जास्त देता का? गाडी उभी केली की भाव तोच. मग शेतकरी चादर कायले फाडन?

जिनिंगवाला

हे बरोबर आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही.

सुईदोरा

मी अमरावतीला तयार कपड्याच्या कारखान्यात पॅकिंगला होते, सहा वर्षं. पन्नीचा एक वेगळाच त्रास सांगते. बाहेरचा वास राहू द्या, काही वेळा पन्नीच कापड खराब करते.

पांढरे शर्ट पॅक करून गोदामात ठेवले. दीड महिन्यानं खोकी उघडली तर घडीच्या कडांवर पिवळे पट्टे. धुतलेले, इस्त्री केलेले, हात न लागलेले शर्ट! आमच्या सुपरवायझरनं आधी इस्त्रीवालीला झापलं, मग धुणाऱ्याला. शेवटी कापडवाल्यांचा एक माणूस आला, त्यानं सांगितलं. पन्नी टिकावी म्हणून तिच्यात बीएचटी नावाचं एक द्रव्य घालतात. ते हळूहळू पन्नीतून उडून कापडावर बसतं. आणि हवेत डिझेलच्या धुराचे नायट्रोजनचे वायू असले की दोघं मिळून पिवळा रंग तयार होतो. आमच्या गोदामाच्या खिडकीखाली जनरेटर होता! ह्यासाठी आयएसओ १०५-एक्स१८ नावाची चाचणी असते आणि बीएचटी नसलेली पन्नी मागवता येते, हे तेव्हा कळलं. घाबरायचं कारण नाही, ते शर्ट उन्हात टाकल्यावर पिवळेपण बरंच उतरलं. इस्त्रीवालीची माफी मात्र कोणी मागितली नाही.

घरात पांढरं धोतर, टोपी, बाळंतविड्याचं पांढरं कापड पन्नीत वर्षभर ठेवलं आणि घडीवर पिवळं पडलं, तर दर वेळी साबणाला दोष देऊ नका.

पऱ्हाटी

बापरे. आमच्या सासऱ्यांची टोपी! दर वर्षी त्या बिचाऱ्या धोब्याला बोलणी बसतात.

जरीकाठ

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. आईच्या शालूची जर काळीठिक्कर पडली. तो पन्नीतच होता. त्या खोलीत तुरीची पोती होती आणि पोत्यांत कीड लागू नये म्हणून दादानं गोळ्या ठेवल्या होत्या, त्या कागदात गुंडाळून ठेवायच्या असतात त्या. त्यांचा काही संबंध असेल का?

निवृत्त_रसायन

दाट शक्यता आहे. त्या गोळ्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतील. हवेतला दमटपणा लागला की त्यांतून फॉस्फिन वायू निघतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून १ ग्रॅम फॉस्फिन. हा वायू तांब्याला खातो, चांदीलाही डाग पाडतो. बऱ्याच जरीत तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असतो, म्हणजे दोन्ही आलं. धान्य धुरी दिलेल्या गोदामात विजेच्या तांब्याच्या तारा आणि जोडण्या काळ्या पडतात, तोच प्रकार. साधी पन्नी त्याला पुरती अडवत नाही, आणि सुतळीची गाठ तर नाहीच नाही.

पण शालू राहू द्या. त्या खोलीत कोणी झोपतं का?

जरीकाठ

झोपायचे. आता नाही. मागच्या वर्षी दादाला रात्री मळमळ, छातीत दडपण, तेव्हा दवाखान्यात नेलं होतं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गोळ्यांचं कोणाच्या लक्षातच आलं नाही.

गावची_सिस्टर

जरीकाठ, तुमच्या दादाचं नशीब बलवत्तर. ह्या गोळ्या घरात वापरायच्याच नाहीत, त्या फक्त प्रशिक्षित माणसांनी बंद गोदामात वापरायच्या. फॉस्फिनला उतारा नाही. सगळ्यांना हात जोडून सांगते, तुरीच्या पोत्यात गोळी टाकून त्याच खोलीत अंथरूण घालू नका. ह्यानं घरंच्या घरं गेली आहेत.

आता मूळ धाग्यावर. वास जास्त म्हणजे विष जास्त, असं नसतं ताई. तुमच्या साड्यांना लागलेला वास बहुतेक औषधातल्या द्रावकाचा आणि गंधकाच्या बारीकसारीक उडणाऱ्या भागांचा आहे. प्रोफेनोफॉससारखी औषधं स्वतः फार उडत नाहीत. उलट मोनोक्रोटोफॉसला असा फारसा वास नाही आणि बाटलीवर लाल त्रिकोण, म्हणजे अति विषारीची खूण, आहे. त्यामुळे नाकावर विसंबून 'वास गेला, आता बरं' असंही म्हणू नका. पण दोन पन्न्यांपलीकडून जे पोचलं ते वाऱ्यावर टाकून, धुऊन निघून जाईल.

मला साड्यांपेक्षा वेगळी काळजी आहे. फवारणी करून आल्यावर तुमचे यजमान शर्ट-पँट कुठं टांगतात?

पऱ्हाटी

दाराआडच्या खुंटीवर. दुसऱ्या दिवशी परत तेच घालून जातात, फवारणी संपेपर्यंत.

गावची_सिस्टर

त्या खुंटीवर आणखी काय असतं?

पऱ्हाटी

टॉवेल. आणि नातवाची टोपी, मोठ्या मुलीच्या बाळाची. सध्या ती माहेरी आली आहे.

गावची_सिस्टर

हेच. अकरा साड्यांवर जे वाफेनं आलं त्याच्या कितीतरी पट त्या एका शर्टाच्या पाठीवर थेंबाथेंबानं बसलेलं असतं. पंपाची टाकी गळते, पाठ ओली होते, आणि तो शर्ट वाळल्यावर वास कमी होतो म्हणून आपण निर्धास्त होतो. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा मी वॉर्डात होते. पेशंट आला की पहिलं काम कपडे काढून अंग साबणानं धुणं. कारण ओले कपडे अंगावर असेपर्यंत विष आत जातच राहतं. नातेवाईक तेच कपडे गाठोड्यात बांधून पलंगाखाली ठेवायचे आणि त्याच गाठोड्यावर डोकं टेकून झोपायचे.

फवारणीचे कपडे रोज धुवा, वेगळे धुवा, हातात मोजे घालून. आधी नुसत्या पाण्यातून काढून ते पाणी विहिरीपासून, नाल्यापासून लांब टाका, मग गरम पाण्यात भरपूर पावडर, दोनदा. सुती कपड्याला धुण्याचा सोडा चालेल, ह्यातली बरीच औषधं क्षाराच्या पाण्यात लवकर मोडतात. वाळत उन्हात. तुमच्या रेशमी शालूला मात्र सोडा चुकूनही लावू नका, रेशीम मरतं. तो सावलीत, वाऱ्यावर.

आणि बाळ घरात आहे म्हणून आणखी एक. त्याची झबली डांबरगोळीत ठेवली असतील तर तशीच काढून घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनच्या नुसत्या वाफेनं त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, कावीळ चढते. धुऊन, उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच घाला.

पऱ्हाटी

खुंटी रिकामी केली. शर्ट अंगणात तारेवर आहे. आता पुढं बोला.

धरमपेठी

मघाशी मी जरा तोडून बोललो. सिस्टरांचं वाचलं. मागे घेतो.

कापूसकोंड्या

जाऊ द्या भाऊ. गेस्टरूमचा पत्ता तेवढा द्या.

मायक्रॉन_महादू

ते सगळं मान्य. पण ठेवायच्या कशात, याचं उत्तर कोणीच देऊन नाही रायलं. सर, घरातल्या पन्न्यांची नावं घेऊन सांगा, पॉली-फॉली नको.

निवृत्त_रसायन

सांगतो. दुधाची पिशवी, किराण्याची मऊ, ताणली जाणारी पन्नी, हे कमी घनतेचं पॉलिथिन. वासाच्या बाबतीत सगळ्यात ढिलं. ओढल्यावर खरखर वाजणारी धुरकट पन्नी जास्त घनतेची, ती थोडी बरी. साडीचं काचेसारखं कुरकुरीत कव्हर पॉलिप्रॉपिलीनचं, दुधाच्या पिशवीपेक्षा चांगलं, पण एका बाजूनं उघडं किंवा नुसतं चिकटवलेलं, त्यामुळे त्या चांगुलपणाचा उपयोग नाही. ब्लँकेटची चेनवाली जाड पिशवी बहुधा पीव्हीसीची. तिला मऊ ठेवायला घातलेलं तेलकट द्रव्यच वर येतं, हाताला चिकट लागतं. भारी साडी तिच्यात ठेवू नका. म्युझियमवाले पीव्हीसी टाळतात आणि पॉलिएस्टरची फिल्म वापरतात, तीच पाण्याच्या बाटलीवाली पेट. ती अशा तेलकट वाफांना पॉलिथिनपेक्षा पुष्कळ चांगली अडवते.

आणि चिप्सचं पुडकं. आतून चंदेरी दिसतं तो प्लास्टिकवर चढवलेला अ‍ॅल्युमिनियमचा थर, मायक्रॉनच्या शंभराव्या हिश्श्यांत मोजावा इतका पातळ. धातूतून वाफ जात नाही. पण चुरगळलं की त्या थराला भेगा पडतात.

आता खरी गोम. पन्नी कितीही चांगली असो, तोंड सुतळीनं बांधलं की तिथूनच सगळं आत. वितळवून बंद केली तरच पन्नीच्या गुणाला अर्थ. आणि कापड दमट असताना अशी बंद केली तर आत बुरशी. सुती कापड आपल्या हवेत सात-आठ टक्के पाणी धरतं, रेशीम त्याहून जास्त. झडीत बांधलेली पन्नी थंड रात्री आतून घामते ते त्यामुळे.

शेतकरी_भाऊ_४४

सर, एक शंका. आमच्या इकडे धान्यासाठी तीन थरांच्या पिशव्या आल्या आहेत, आत दोन प्लास्टिकच्या, वर गोणी. गोळी न टाकता तुरीतले किडे मरतात. आमच्या तर दोन वर्षं चांगल्या चालल्या. तेही पॉलिथिनच ना? मग तिथं कसं चालतं?

निवृत्त_रसायन

छान प्रश्न, वर्गात असता तर पुढच्या बाकावर बसवलं असतं. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठानं १९८० च्या दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये चवळीसाठी ही युक्ती काढली. आतल्या पिशव्या जाड, जास्त घनतेच्या पॉलिथिनच्या. प्राणवायू त्यांतूनही थोडा झिरपतो. पण आतले किडे तो झिरपण्यापेक्षा लवकर संपवतात आणि मग स्वतःच निपचित पडतात. तिथं आत येणारं खाऊन टाकणारा कोणीतरी आत आहे आणि आपल्याला तेच हवं आहे. साडी पण आलेला वास खाऊन टाकते, पण इथं नेमकं तेच नको आहे.

जरीकाठ, तुमच्या दादाला ह्या पिशव्यांचं सांगा. गोळ्यांचा प्रश्नच मिटेल.

पऱ्हाटी

आज कोपरा पूर्ण साफ केला आणि चोर सापडला.

दुकानाच्या बाटल्या सगळ्या ठीक. पण त्यांच्या मागं, पोत्याखाली, तेलाची पाच लिटरची पांढरी कॅन होती. गेल्या वर्षी दोन बाटल्यांचं उरलेलं औषध यांनी तिच्यात ओतून ठेवलं होतं. झाकण घट्ट, बाहेरून कोरडी. पण कॅनच्या दोन्ही बाजू आत ओढल्या गेल्या होत्या, उपाशी बैलाच्या कुशीसारख्या. आणि हात लावला तर कोरड्या कॅनचा वास बोटांना!

निवृत्त_रसायन

मिळालं उत्तर. द्रावक कॅनच्या भिंतीतून बाहेर जात राहिलं, तेवढी हवा आत येऊ शकली नाही, म्हणून कॅन आत बसली. औषध कंपन्या ह्याच कारणानं ईसी औषधं, म्हणजे अशा द्रावकात विरघळवलेली, साध्या पॉलिथिनमध्ये भरत नाहीत, पेटच्या, अ‍ॅल्युमिनियमच्या नाहीतर अनेक थरांच्या बाटल्या वापरतात. तुमच्या घरी वास एक पॉलिथिन फोडून बाहेर आला आणि दुसरं फोडून साडीत गेला.

गावची_सिस्टर

तेलाच्या कॅनमध्ये?? ताई, फोडणीचं तेल समजून कोणी ओतलं असतं तर! आजच्या आज ती घराबाहेर काढा, वर मोठ्या अक्षरात विष लिहा, कुलपात ठेवा. कृषी खात्याच्या माणसाला विचारून विल्हेवाट लावा. नाल्यात ओतू नका, कॅन धुऊन परत वापरू नका.

पऱ्हाटी

विहिरीवर मोटारीच्या खोलीत टिनाची कुलूपवाली पेटी नेऊन ठेवली. सगळी औषधं तिच्यात. हे स्वतः डोक्यावर घेऊन गेले. काही बोलले नाहीत.

कापूसकोंड्या

तेच बोलणं समजा, वहिनी.

पऱ्हाटी

बारा दिवसांनी परत आले. सरांचं खरं का खोटं ते करूनच पाहिलं. हिंगाचे तीन खडे घेतले, सारख्या आकाराचे. एक दुधाच्या पिशवीच्या तुकड्यात, एक साडीच्या कव्हरात, एक चिप्सच्या पुडक्यात. हॅक्सॉचं पातं मेणबत्तीवर तापवून तिन्ही पुड्या चारी बाजूंनी चिकटवल्या. हात साबणानं धुतले. मग पुड्या तीन वेगळ्या स्टीलच्या डब्यांत, सोबत पऱ्हाटीच्या कापसाचा एकेक बोळा. डबे बंद. रोज सकाळी बोळा हुंगायचं काम सासूबाईंचं, कारण त्यांना तिसऱ्या घरातली फोडणी कळते. कोणत्या डब्यात कोणती पुडी ते त्यांना सांगितलं नव्हतं.

दुधाची पिशवी दुसऱ्याच सकाळी पकडली गेली. साडीचं कव्हर चौथ्या दिवशी. चिप्सचं पुडकं आठव्या दिवशीही साफ. मग मी ते मुद्दाम चार वेळा चुरगळून परत डब्यात ठेवलं. बाराव्या दिवशी, म्हणजे आज, सासूबाई म्हणाल्या, "जराक जराक येऊन रायला."

साड्यांचं सांगते. जॉर्जेट दोनदा धुऊन, आठ दिवस दोरीवर, आता ठीक. शालू माळ्यावर काठीला टांगला होता, पंखा लावून. नाक लावलं तरच कळतं. आता सगळं मलमलीत गुंडाळून आलमारीत, पन्नीशिवाय. आलमारीशेजारच्या कोपऱ्यात आता तुळशीच्या कुंड्या रंगवून ठेवल्या आहेत लग्नासाठी.

सुईदोरा

रंग ऑइलपेंट असेल तर वाळेपर्यंत कुंड्या अंगणात ठेवा हो ताई!!

पऱ्हाटी

अगं बाई. हलवते.

मायक्रॉन_महादू

सासूबाईंच्या नाकाले माझा दंडवत. मायक्रॉनचं बोलणं वापस घेतो.

संत्राबर्फी

आणि ते हिंगाचे खडे कुठं गेले?

पऱ्हाटी

काल वरणात दोन घातले, दुधाच्या पिशवीतला आणि कव्हरातला. आज चिप्सच्या पुडक्यातला. आजच्या वरणाला टोमॅटो मसाल्याचा वास येतोय. नातवंडं ताटं चाटून गेली, सासूबाई अजून जेवल्या नाहीत.